मखान्याचं तळं

दिग्विजय गेल्यावरही सारजाबाई त्याचा मोबाईल रोज चार्जिंगला लावायची. सुनेनं, अंकितानं, एकदा विचारलं, "आत्या, कशाला आता?"

"बंद पडला तर लईच गेल्यावानी वाटंल गं," सारजाबाई म्हणाली.

पहिल्या दिवसांत त्या मोबाईलवर पुष्कळ फोन आले. मित्रांचे, केळीच्या व्यापाऱ्यांचे, औषधाच्या दुकानातले. अंकिताच ते घ्यायची, एकच वाक्य सांगायची आणि ठेवून द्यायची. हळूहळू ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं आणि फोन थांबले.

त्यांचं गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरायला लागलं की काठचे शेतकरी आपापल्या मोटारी पाण्यामागं पुढं पुढं नेत राहतात. मे महिन्यात एका सकाळी दिग्विजयही तसाच गेला. लाईट नव्हती म्हणून तो गुडघाभर पाण्यात उतरून मोटार सरकवत होता. स्टार्टरला ऑटो लावलेला होता, लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा, आणि केबलच्या जोडावरची पट्टी सुटलेली होती. मध्येच लाईट आली. त्याचा बाप जोतीराम काठावर पाईप धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर सगळं झालं.

त्या दिवसापासून जोतीराम पाण्याकडं गेला नाही. उसाला पाणी शेजाऱ्यानं दिलं, केळीला कधी दिलं कधी राहिलं. तो ओट्यावर बसायचा, जेवायला हाक मारली की उठायचा. "व्हय" आणि "न्हाय" याच्यापलीकडं त्याच्या तोंडून फारसं काही निघायचं नाही.

त्यांच्या रानाच्या उतरणीला एक तुकडा होता. वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन देऊन तो चिबडला होता. वर पांढरा खार फुटायचा, पाऊल टाकलं की रुतायचं. काही पिकत नव्हतं म्हणून तो तसाच पडून होता. दिग्विजयनं कुठंतरी वाचलं की बिहारात असल्या पाणथळ जागेत मखाना पिकवतात. लोक उपासाला खातात तो पांढरा, हलका मखाना हे पाण्यातल्या एका काटेरी झाडाचं बी असतं हे घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. थंडीत तो दरभंग्याकडं गेला आणि सुखदेव सहनी नावाच्या माणसाच्या घरी राहून शिकून आला. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून बी आणलं. चिबडलेल्या तुकड्यात कमरेइतकं तळं खोदलं, डबक्यात रोपं केली आणि मार्चमध्ये ती तळ्यात लावली.

"उपासाला खायाचं पीक," जोतीराम तेव्हा हसून म्हणाला होता, "आमाला उपाशी न्हाय ठेवलं म्हंजे मिळवली."

दिग्विजय गेल्यावर गाव वेगळंच बोलायला लागलं. काट्याचं झाड लोक दारातसुद्धा लावत नाहीत, ह्यानं तळंभर लावलं, असं बायका म्हणाल्या. ते जोतीरामच्या कानावर गेलं. पाऊस लागायच्या आत जेसीबी आणून तळं बुजवून टाकायचं असं त्यानं घरात सांगितलं. तेवढं एक वाक्य तो पुरं बोलला.

जूनमध्ये एका दुपारी मोबाईल वाजला. अंकिता धुणं घेऊन बाहेर गेली होती. सारजाबाईनं पाहिलं तर पडद्यावर एका माणसाचा फोटो होता, डोक्याला गमछा बांधलेला, छातीपर्यंत पाण्यात उभा. तिनं हिरवं बटण सरकवलं.

"दिग्विजय बाबू! अरे कहाँ गायब हो गए भाई? फूल आया?"

आवाज फार आनंदी होता. "मैं उसकी आई," ती म्हणाली.

"अरे माँ जी! प्रणाम, प्रणाम! मैं सुखदेव. बेटा कहाँ है?"

सारजाबाईनं दाराकडं पाहिलं. सांगायचे होते ते शब्द तिला हिंदीत येत नव्हते, आणि मराठीतही तिनं ते अजून कुणाला सांगितले नव्हते. ते काम अंकिताचं होतं.

"बाहर गया है," ती म्हणाली. "मोटारपे."

"अच्छा, अच्छा. आप ही बताइए, फूल आया कि नहीं?"

"देखती. बाद में बोलती."

अंकिता धुणं वाळत घालून आत आली तर सासू भिंतीला टेकून बसलेली.

"त्या तळ्यात फूल आलंय का गं?" तिनं विचारलं.

अंकिता चमकली. तेरावा झाल्यापासून घरात तळ्याचं नाव जोतीरामच्या त्या एका वाक्याखेरीज कुणी काढलं नव्हतं. ती स्वतः मात्र रोज संध्याकाळी शेळीला चारा आणायच्या निमित्तानं तिकडं जाऊन यायची.

"चला की," ती म्हणाली. "दाखवते."

सारजाबाई बांधावर उभी राहिली. गोल, परातीएवढी पानं पाण्यावर पसरली होती. त्यांचा पृष्ठभाग सुरकुतलेला, शिरांवर काटे. पान उलटवलं तर खालून जांभळं-तांबडं, आणि तिथंही काटेच. दोन पानांच्या मधून एक कळी पान फाडून वर आली होती. टोकाशी जांभळी पाकळी उघडली होती, बाकी फूल अर्धं पाण्यात. फुलाच्या बुडाशी बोराएवढा हिरवा गोळा, त्यावर बोट ठेवायला जागा नाही इतके काटे.

"किती काटं गं ह्याला," सारजाबाई म्हणाली.

"हे म्हणायचे, आतलं बी राखायला असतात."

मग सुखदेवचे फोन येत राहिले आणि सारजाबाईच ते घेत राहिली. दिग्विजय कधी करमाळ्याला बाजारात गेलेला असायचा, कधी अंघोळीला, कधी नुकताच जेवून झोपलेला. इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं याचं तिला नवल वाटायचं. सुखदेव तळ्याबद्दल विचारायचा, ती जे बघून आली ते सांगायची: "पत्ता बडा है. काटा लई है. फूल चार-पाच." तो हसायचा आणि पुढं काय करायचं ते सांगायचा. मध्ये उगवलेलं शेवाळ काढा, मासे असतील तर राहू द्या, पाणी कमी होऊ देऊ नका. "बेटे को बता देना," असं शेवटी म्हणायचा. ती "बताती" म्हणायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिला सगळं ठीक वाटायचं. दिग्विजय बाजारातून यायचाय, त्याला निरोप द्यायचाय, भाकरी झाकून ठेवायची आहे. मग चुलीवरचं काहीतरी करपायचं आणि तो वेळ संपायचा.

त्या वर्षी पाऊस लांबला. जूनचा शेवट आला तरी आभाळ कोरडंच. धरणाचं पाणी आणखी मागं गेलं, तळ्याचं पाणीही उतरलं. कमरेइतकं होतं ते गुडघ्याखाली आलं. पानांच्या कडा करपायला लागल्या. सारजाबाईनं सुखदेवला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. फळ धरायच्या वेळी पाणी तुटलं तर सगळं गेलं, तो म्हणाला. मोटार लावा.

त्या संध्याकाळी सारजाबाई जोतीरामसमोर जाऊन बसली.

"तळ्याला पाणी सोडाया पायजे."

"तळं बुजवायचंय."

"पीक निघूस्तवर थांबा. मंग बुजवा."

"त्या मोटारीला ह्या घरातलं कुणी हात लावायचा न्हाय," जोतीराम म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी अंकिता घरात दिसेना. सारजाबाईला वाटलं चाऱ्याला गेली असेल. जोतीराम ओट्यावर होता. समोरून जाणारा एक गडी सहज म्हणाला, "सून मोटारीकडं चाललीया की तुमची, एकलीच." जोतीराम अनवाणी धावला. इतक्या वर्षांत सारजाबाईनं त्याला असं धावताना पाहिलं नव्हतं.

अंकिता स्टार्टरच्या पेटीसमोर उभी होती. तिनं अजून काही केलं नव्हतं. नुसती पेटीकडं बघत उभी होती. जोतीरामनं तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं. दम लागल्यामुळं त्याला बोलता येईना.

"मामा, त्यांनी लावलेलं हाय ते," अंकिता म्हणाली. "डोळ्यांदेखत वाळतंय."

जोतीराम तिथंच ढेकळावर बसला. पाणी लांब गेलं होतं. दिग्विजय पडला ती जागा आता कोरडी होती आणि भेगाळली होती. तो बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग उठला, वरून मेन स्विच पाडला आणि करमाळ्याला जाऊन वायरमनला घेऊन आला. जुनी केबल सगळी काढायला लावली, ऑटो काढून टाकायला लावला. मोटार पाण्यापर्यंत पुढं नेऊन नवी केबल एकसंध टाकून घेतली, कुठंही जोड नाही. तोवर अंकिताला त्यानं बांधाच्या खाली येऊ दिलं नाही. सगळं झाल्यावर वायरमन म्हणाला, "चालू करू का?" जोतीराम म्हणाला, "मी करतो." त्यानं पायात रबरी बूट घातले, हातात कोरडं लाकूड घेतलं. बटण दाबताना त्याचे डोळे मिटलेले होते. तळ्याच्या पाईपातून आधी वारा आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

त्यानंतर रोज पाणी तोच सोडायला लागला. तळं बुजवायचं बोलणं मात्र त्यानं मागंही घेतलं नाही.

पंचमीला अंकिताचा भाऊ युवराज मोडनिंबहून तिला न्यायला आला. नुसतं सणापुरतं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. लग्नाला दोनच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पोरीचं वय केवढं. सारजाबाईनंच तिची पिशवी भरायला घेतली.

"पीक निघाल्यावर येते," अंकिता भावाला म्हणाली.

"तुझ्याबिगर निघायचं न्हाय का पीक?"

"न्हाय निघायचं."

युवराज चहा पिऊन गेला. त्याच दिवशी दुपारी सुखदेवचा फोन आला आणि सारजाबाई आतल्या खोलीत हळू आवाजात बोलू लागली. दिग्विजय मेव्हण्याला सोडायला गेलाय, असं ती सांगत होती. फोन ठेवून वळली तर दारात अंकिता.

सारजाबाईचा चेहरा उतरला. "कवापासनं ऐकतीस?"

"पयल्यापासनं."

"मंग बोलली का न्हाईस?"

अंकिता उंबऱ्यावर बसली. "मी पण दाराआड उभी राहते, आत्या. आज हे कुटं गेल्यात ते मला तुमच्याकडनंच कळतं. बाजारात गेले म्हणालात की मला बरं वाटतं." ती थांबली. "पण मंग रात होते आणि ते येत न्हाईत. रोज नव्यानं येत न्हाईत. मला न्हाय सोसत आता."

सारजाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी रडल्या नाहीत. बाहेर पंचमीच्या झोक्यावर पोरी ओरडत होत्या.

"त्यांना सांगा," अंकिता म्हणाली. "तो माणूस चांगला हाय. त्याला फसवायचं न्हाय."

"सांगते," सारजाबाई म्हणाली.

पण तिनं सांगितलं नाही. पुढच्या फोनला वाटलं, त्याच्या पुढच्याला सांगू. त्याच्या पुढच्याला सुखदेवच आधी बोलला. फळं फुटून बी तळाला गेलं असेल, तो म्हणाला, पहिलं पीक आहे, बी काढण्यापेक्षा भाजून फोडणं अवघड असतं, मी स्वतः येतो. तिकीट काढलंय. सारजाबाईच्या तोंडून एवढंच निघालं, "आओ."

"सांगितलं न्हवं?" अंकितानं विचारलं.

"व्हय," सारजाबाई म्हणाली.

सुखदेव दौंडला गाडी बदलून जेऊरला उतरला. त्याला आणायला जोतीराम मोटारसायकल घेऊन गेला. दुःखाला भेटायला माणूस एवढ्या लांबून येतोय, आपण सामोरं गेलं पाहिजे, असं त्याच्या मनात होतं. गर्दी पांगल्यावर त्याला तो दिसला. पन्नाशीचा, काळासावळा, हातांवर जुन्या ओरखड्यांचे वण. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात लोणच्याची बरणी. जोतीरामनं हात जोडले. सुखदेवनंही जोडले आणि त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"बेटा नहीं आया?"

जोतीरामला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर, केळीच्या गाड्यांबरोबर बोलून त्याला कामापुरती हिंदी येत होती.

"बेटा गया," तो म्हणाला.

"कहाँ गया?"

जोतीरामनं दोनदा तोंड उघडलं. हा शब्द त्यानं अजून उच्चारला नव्हता. इतके लोक भेटायला आले, पण त्यांना सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"मर गया," तो म्हणाला. "मई में. मेरे सामने."

सुखदेवनं बरणी खाली ठेवली. फलाटावरच्या बाकावर तो बसला. जोतीराम त्याच्या शेजारी बसला आणि तिथं, ओळख ना पाळख अशा माणसाजवळ, त्याला रडू फुटलं. चार महिने अडवलेलं सगळं एकदम आलं. सुखदेवनं आपला गमछा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

ते घरी पोचले तेव्हा सारजाबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. सुखदेवनं पाय धुतले, पण प्यायचं पाणी घेतलं नाही. ओट्यावर बसला आणि खाली बघत राहिला. अंकितानं सासूकडं पाहिलं. तिलाही तेव्हाच समजलं.

"आपने क्यों नहीं बताया, माँ जी?" सुखदेवनं शेवटी विचारलं. त्याच्या आवाजात राग होता. "हम रो लेते आपके साथ."

सारजाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

मग त्यानं सांगितलं. त्यांच्याकडं आया मुलांसाठी जितिया नावाचा उपास करतात. मुलगा जगावा, दीर्घायुषी व्हावा म्हणून. पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. दिग्विजय त्यांच्या घरी राहिला तेव्हा सुखदेवच्या बायकोला आई म्हणायचा. यंदा तिनं आपल्या दोन मुलांबरोबर तिसरं त्याचं नाव घेतलं होतं. सुखदेव निघाला त्याच्या आदल्याच आठवड्यात. निघताना लोणचं तिनंच दिलं होतं.

"अब मैं उसको क्या बोलूँ?" सुखदेव म्हणाला.

मग सारजाबाई पुढं झाली. पदर खांद्यावरून घट्ट घेतला.

"फोन लाव," ती म्हणाली. "मी सांगते."

सुखदेवनं तिच्याकडं पाहिलं, मग फोन लावला, बायकोला दोन शब्द बोलला आणि सारजाबाईच्या हातात दिला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, घाईचा, हसरा. सारजाबाईनं हिंदीत सुरुवात केली आणि अर्ध्या वाक्यात हिंदी संपली.

"बाई," ती मराठीत म्हणाली, "तू माझ्या पोरासाठी उपास धरलास. माझा पोरगा न्हाय आता. मे म्हैन्यातच गेला. करंट लागला. मी तुझ्या मालकाला खोटं सांगत आले. तुझा उपास वाया घालवला मी, बाई. माझा दिग्विजय मेला."

मराठी पलीकडच्या बाईला समजली नसणार, पण आवाज समजला असावा, नावही समजलं असावं. तिनं काहीतरी विचारलं तिच्या बोलीत. सारजाबाई म्हणाली, "व्हय. व्हय बाई." मग ती बाई रडायला लागली आणि सारजाबाईही रडायला लागली. दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. सुखदेवनं तोंड फिरवलं होतं. अंकिता आत निघून गेली, आणि आतून तिचाही आवाज आला.

फोन संपल्यावर सुखदेवनं स्वतः तांब्या उचलला आणि पाणी प्याला.

सकाळी ते तळ्यावर गेले. सुखदेवनं तळ्याला एक फेरी मारली, वाकून चिखल हातात घेतला, वास घेतला. पानं कुजून खाली बसायला लागली होती. त्यानं विळ्यानं उरलेली झाडं कापून काठाला ओढली, हात रक्ताळले तरी त्याला त्याचं काही नव्हतं. मग कमरेइतक्या पाण्यात उतरून तळाचा गाळ हातांनी एका जागी गोळा केला, टोपली बुडवून भरली आणि पाण्यातच हलवली. गाळ धुऊन गेला. खाली राहिले काळे, टणक, वाटाण्याएवढे दाणे.

"आइए," तो म्हणाला.

अंकिता साडी खोचून उतरली. तिच्यामागं सारजाबाई उतरली. भीमेच्या काठावर वाढलेली बाई ती, पाण्याला लहानपणी कधी भ्यायली नव्हती. तळाच्या चिखलात पाय गेला, काट्यानं पोटरी फाटली. ती खाली वाकली, हनुवटीपर्यंत पाण्यात, आणि गाळातून हात फिरवायला लागली. बोटांना दाणे लागत होते. खडे वाटावेत तसे, पण खड्यापेक्षा गुळगुळीत.

जोतीराम बांधावर उभा होता. उतरावं का नाही अशा विचारात त्यानं दोनदा धोतर वर खोचलं आणि पुन्हा सोडलं. पाण्याकडं बघताना त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मामा," अंकिता पाण्यातूनच म्हणाली, "हितं वायर न्हाय. नुसतं पाणी हाय."

तो तरीही थांबला. मग बसला, बसूनच काठावरून घसरत खाली उतरला आणि पाणी कमरेला लागल्यावर त्यानं डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. सारजाबाईनं आपल्या हातातली टोपली त्याच्याकडं दिली.

बी धुऊन, वाळवून, चाळून झालं. सुखदेवनं अंगणात चूल मांडली, लोखंडी कढईत ते भाजलं, पोत्यात झाकून ठेवलं आणि मुरल्यावर पुन्हा कडक भाजलं. मग गरम दाणा पाटावर टाकायचा आणि लाकडी थापीनं एकच ठोका द्यायचा. उशीर झाला तर दाणा निवतो, जोर जास्त झाला तर चुरा होतो. अंकिताचे पहिले दाणे सगळे चुरा झाले. सारजाबाईचा एक दाणा फुटला. काळ्या कवचातून पांढरा, फुगीर मखाना उडाला आणि मातीत पडला. तिनं तो उचलून फुंकला आणि तळहातावर धरून बघत राहिली.

"हेच व्हय," ती म्हणाली. जणू आजवर दुकानात पाहिलेलं ते दुसरंच काहीतरी होतं.

जोतीरामनं एक तोंडात टाकला. चावला. "ह्याला तर चवच न्हाय की."

"घी में भूनिए, नमक डालिए," सुखदेव म्हणाला, आणि त्या घरात मे महिन्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. फार नाही. हसू आलं तसं विरलं आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

पीक दिग्विजयनं धरलं होतं त्याहून कमीच निघालं. खारामुळं दाणा बारीक राहिला होता. पण खाऱ्या जमिनीत इतकं आलं हेच पुष्कळ, असं सुखदेव म्हणाला. निघताना जोतीरामनं त्याला विचारलं, पुढच्या साली पुन्हा बी आणावं लागतं का. "नहीं," सुखदेव म्हणाला. "सब बीज कौन निकाल पाता है? जो नीचे रह गया, वो अपने आप उगेगा." जोतीरामनं मान हलवली. जेसीबीवाल्याला त्यानं नको म्हणून सांगितलं की नाही हे कुणी विचारलं नाही. तो आला नाही एवढं खरं.

दसऱ्यानंतर युवराज पुन्हा आला. या वेळी अंकितानं स्वतः पिशवी भरली. सारजाबाईनं तिच्या ओटीत नारळ घालायला घेतला, आणि विधवेची ओटी भरायची का नाही या विचारानं क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं भरली. कपाळाला कुंकूही लावलं.

"जा," ती म्हणाली. "कुणी चांगला बघितला तर न्हाय म्हनू नगंस. मी सांगते म्हनून."

अंकिता दोघांच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. वळल्यावर पाहिलं असेल तर ते दिसण्यासारखं नव्हतं.

वर्ष-दीड वर्षानं तिचं लग्न ठरलं. मुलगा सोलापुरात एका शाळेत शिक्षक, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. लग्न मोडनिंबलाच होतं. युवराज स्वतः आमंत्रण घेऊन आला, संकोचत बसला, आणि आलात तर ताईला बरं वाटेल म्हणाला. जोतीराम "बघू" म्हणाला. तो येईल असं सारजाबाईलाही वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी तो तिच्या आधी उठून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता.

मंडपात गर्दी होती. दारात पाहुण्यांना बसवणाऱ्या एका बाईनं विचारलं, "तुमी कोन अंकिताचे?"

जोतीराम गोंधळला. "सासरा," तो म्हणाला. जे होतं ते त्यानं सांगितलं.

"अगं बाई, नवरदेवाचे वडील व्हय!" ती बाई लगबगीनं पुढं झाली. "हिकडं या, हिकडं, तुमची मानसं हिकडं बसल्यात."

सारजाबाईनं तिचा हात हळूच धरला.

"न्हाय ताई," ती म्हणाली. "आमी पोरीकडचे."

आणि जोतीरामला घेऊन ती मुलीच्या बाजूच्या सतरंजीवर, युवराजच्या आईशेजारी जाऊन बसली.